‘ज्यांना कळायचं त्यांना कळेल’ एवढ्यावर थांबू नका

पत्र (थोडं आटोपतं करून):

मी मुलांच्या एका ॲनिमेशन मालिकेत स्टोरीबोर्ड आर्टिस्ट आहे, म्हणजे प्रत्येक दृश्य आधी चित्रांत आखून देते. आठ ते बारा वयोगटासाठीची मालिका. दोन मुख्य मुली आहेत. एक वादळांचे नकाशे काढते, दुसरी मोडक्या होड्या दुरुस्त करते. पहिल्या सीझनमध्ये त्यांची मैत्री झाली, दुसऱ्यात त्या एकमेकींच्या प्रेमात पडतात, असं लेखकांच्या टीमनं ठरवलं होतं. आता वरून निरोप आलाय, की नजरा ठेवा, हात धरणं ठेवा, पण उघड काही म्हणू नका. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. टीममधल्या काहींना वाटतं, काहीच नसण्यापेक्षा हे बरं. मला मात्र हे पटत नाही. मी स्वतः लेस्बियन आहे, ऑफिसात कुणाला माहीत नाही. मी जोर लावला तर ‘हिचा स्वतःचा अजेंडा आहे’ असं म्हणतील, ही भीती वाटते. मुलांसाठी हे खरंच लवकर होतंय का, हेही मनात येतं. आणि काहीच जमलं नाही तर मी नोकरी सोडावी का? सोबत सातव्या एपिसोडचा बोर्ड पाठवते आहे.
– पडद्यामागची

प्रिय पडद्यामागची,

तडजोडीवर सही करू नका, निदान इतक्या लवकर तरी. तुमच्या टीममधल्या मंडळींचा हेतू चांगला आहे, पण ‘ज्यांना कळायचं’ ही माणसं नक्की कोण, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही. सूचक दृश्य कुणाला कळतं? ज्याला आधीच माहीत आहे त्याला. पंचविशीतला क्वीअर प्रेक्षक अर्ध्या सेकंदाची नजर बरोबर टिपतो, कारण त्याला ती सवय आहे, चर्चा करायला मित्रमैत्रिणी आहेत. तुमची मालिका त्याच्यासाठी नाही. ती दहा वर्षांच्या मुलीसाठी आहे. वर्गातल्या एका मुलीकडे बघताना आपल्याला जे वाटतं ते काय आहे, हे तिला अजून समजलेलं नाही. ती दोघींना हात धरताना बघेल, तिला आतून काहीतरी जाणवेल, आणि शेजारी बसलेलं कुणीतरी सहज म्हणेल, ‘किती छान मैत्रिणी आहेत ना!’ झालं. तिला जे दिसलं होतं ते तिच्याकडून काढून घेतलं गेलं, आणि पडद्यावर असं काहीच नाही ज्याच्या जोरावर ती ‘नाही, तसं नाहीये’ म्हणू शकेल.

सूचक ठेवण्याची ही रीत जुनी आहे आणि ती कलेच्या गरजेतून आलेली नाही. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून काटेकोरपणे राबवलेल्या हेज कोडनं, म्हणजे सिनेमात काय दाखवायचं नाही हे ठरवणाऱ्या नियमावलीनं, समलिंगी संबंधांचा उल्लेख तर सोडाच, आडून सुचवणंही बंद केलं. १९६८ मध्ये तो कोड गेला. मधल्या तीन दशकांत लिहिणाऱ्यांनी सगळं चालण्याबोलण्यात, कपड्यांत, आवाजाच्या लकबीत लपवायला सुरुवात केली, आणि अशा लकबी नायकाला देणं परवडत नसल्यामुळे त्या खलनायकांच्या वाट्याला आल्या. ॲनिमेशननं हा वारसा फार दिवस सांभाळला. ‘द लिटल मर्मेड’ (१९८९) मधली उर्सुला आठवा. तिचं रूप डिव्हाइन या ड्रॅग कलाकारावरून, म्हणजे भडक स्त्रीवेशात सादरीकरण करणाऱ्या पुरुषावरून, घेतलेलं होतं. उर्सुला मला आजही त्या सिनेमातलं सगळ्यात जिवंत पात्र वाटतं. पण मुलांपर्यंत काय पोचलं बघा. जी नटवी, जी मोठ्यानं हसते, जी कुणाच्या साच्यात बसत नाही, ती शेवटी मारली जाते, आणि साच्यातल्या दोघांचं लग्न होतं. सांकेतिक भाषेचा हा तोटा कायम राहतो. तिचा अर्थ कोणत्या बाजूला झुकेल हे तुमच्या हातात उरत नाही.

दुसरा तोटा तुमच्या कामाशी थेट संबंधित आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. जे सूचक असतं ते कापायला सोपं असतं, आणि जे कापायला सोपं ते कापलं जातंच.

‘सेलर मून’मधल्या हारुका आणि मिचिरू जपानी मालिकेत स्पष्टपणे एक जोडपं आहेत. २००० साली अमेरिकेत आलेल्या इंग्रजी डबिंगमध्ये त्यांना चुलत बहिणी करून टाकलं. चित्रं तीच राहिली. त्यामुळे दोन ‘बहिणी’ एकमेकींकडे प्रेमानं बघताहेत असं विचित्र दृश्य मुलांनी पाहिलं. पुढे नव्या डबिंगमध्ये ते दुरुस्त झालं, पण तोवर एक पिढी मोठी झाली होती. २०२० च्या ‘ऑनवर्ड’मध्ये स्पेक्टर नावाची पोलीस अधिकारी बोलता बोलता आपल्या गर्लफ्रेंडच्या मुलीचा उल्लेख करते. अख्ख्या सिनेमात तिच्या आयुष्याबद्दल एवढंच एक वाक्य. रशियन डबिंगमध्ये ‘गर्लफ्रेंड’च्या जागी नुसतं ‘जोडीदार’ आलं, आणि ते पात्र नाहीसं न होताही नाहीसं झालं. तरीही आखाती देशांपैकी काहींनी तो सिनेमा दाखवला नाहीच. म्हणजे एका वाक्यापुरतं राहूनही सगळीकडचा रस्ता मोकळा झाला नाही. तुमच्या वरच्या मंडळींना हे जरूर सांगा. सावधपणाची किंमत पूर्ण मोजायची आणि बदल्यात मुलांना जवळजवळ काहीच द्यायचं नाही, असा हा व्यवहार आहे.

आता उलटं उदाहरण, आणि माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात हुशारीचं. रिबेका शुगर यांची ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ २०१३ मध्ये सुरू झाली. त्यात गार्नेट नावाचं एक उंच, शांत, कमी बोलणारं, सगळ्यांना आधार वाटणारं पात्र आहे. मुलं तिच्यावर जीव टाकतात. २०१५ मध्ये कळतं, की गार्नेट ही एकटी कुणी नाहीच. रुबी आणि सफायर अशा दोघी एकमेकींवर इतकं प्रेम करतात की त्या एकत्र येऊन गार्नेट होतात. त्यांचं भांडण झालं तर गार्नेट विस्कटते. म्हणजे ते प्रेम काढून टाकायचं ठरवलं, तर मालिकेतलं एक मुख्य पात्रच उभं राहत नाही. तरीही प्रयत्न झाले. काही देशांच्या डबिंगमध्ये रुबीला पुरुषाचा आवाज दिला गेला. २०१८ मध्ये दोघींचं लग्न दाखवलं तेव्हा रुबी पांढऱ्या वेडिंग ड्रेसमध्ये आहे आणि सफायर सूटमध्ये. तो ड्रेस अंगावर असताना रुबीला मुलगा म्हणून खपवणं फार अवघड होऊन बसतं. वेशभूषेचा एक निर्णय, आणि डबिंगवाल्यांची पळवाट बंद. तुम्ही बोर्ड काढता, त्यामुळे यातली ताकद तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त जाणवेल.

माध्यमांतल्या एलजीबीटीक्यू चित्रणावर लक्ष ठेवणाऱ्या ग्लाड या संस्थेनं २०१३ मध्ये चित्रपट-इतिहासकार व्हिटो रूसो यांच्या नावानं एक चाचणी सुरू केली. पात्र एलजीबीटीक्यू आहे हे ओळखता यावं, त्याची ओळख तेवढ्यापुरतीच नसावी, आणि ते पात्र काढलं तर कथेत मोठा फरक पडावा, अशा तिच्या तीन अटी आहेत. लोक पहिल्या अटीवर वाद घालत बसतात. मला तिसरी सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती पूर्णपणे लिहिणाऱ्याच्या आणि बोर्ड काढणाऱ्याच्या हातातली आहे.

म्हणून आता तुमच्या सातव्या एपिसोडकडे येते.

वादळातून होडी परत येते. होडीवाली धक्क्यावर कंदील घेऊन उभी आहे. नकाशावाली चिंब भिजलेली, पायऱ्या चढून वर येते. होडीवाली तिच्या खांद्यांवर ब्लँकेट टाकते. मग क्लोज-अप येतो, ब्लँकेटची कड धरलेले दोन हात, बोटं बोटांना लागतात. आणि लगेच कट, समुद्र शांत होतोय. रेखाटन सुरेख आहे, पावसाचे थेंब तर फारच. पण बघा, भावना आहे ती एकाच पॅनलमध्ये आहे, आणि त्या पॅनलमध्ये चेहरे नाहीत. एडिटिंगच्या टेबलावर तो दोन सेकंदांचा क्लोज-अप उडवला, तर ब्लँकेटवरून थेट समुद्रावर जाता येतं आणि कुणाला खटकतसुद्धा नाही. तुम्ही नकळत कात्रीसाठी जागा आखून दिली आहे. वरच्या मंडळींचा दबाव तुमच्या हातात आधीच उतरलाय, असं मला ते पॅनल बघून वाटलं.

पुढे दहाव्या एपिसोडमध्ये होडीवाली काय करते, तेही तुम्ही लिहिलं आहे. तिनं वर्षभर खपून बांधलेली स्वतःची होडी ती मोडते आणि त्या फळ्यांनी नकाशावालीची फुटलेली होडी सांधते. आजच्या आराखड्यात याचं कारण मैत्री आहे. खरं सांगू? ते लंगडं पडतं. वर्षभराचं स्वप्न कुणी असं मोडत नाही, किंवा मोडलं तर त्याआधी काहीतरी मोठं घडलेलं असावं लागतं. ते मोठं काहीतरी सातव्या एपिसोडमध्ये घडवायला हवं. धक्क्यावर नकाशावालीला म्हणू द्या, ‘कंपास गेला होता. दिशा कळत नव्हती. मी फक्त तू कुठे उभी असशील एवढाच विचार करत होते. मला तू आवडतेस. मैत्रीण म्हणून आवडतेस त्याहून जास्त.’ होडीवालीला लगेच उत्तर देऊ देऊ नका. तिचा चेहरा दिसू दे, कंदील खाली ठेवताना ती गडबडू दे, आठव्या एपिसोडभर ती तिला टाळू दे, नवव्यात भांडू दे. मग दहाव्यातल्या त्या मोडलेल्या फळ्या हेच तिचं उत्तर. असं झालं की सातव्यातला संवाद काढल्यावर पुढचे तीन एपिसोड निरर्थक होतात. वरून कुणी ‘हे काढा’ म्हणालं तर तुम्हाला तत्त्वाचं भाषण करावं लागणार नाही. ‘मग दहाव्या एपिसोडचं काय करायचं ते सांगा’ एवढंच विचारायचं.

सूचक दृश्यं आजवर ज्यांनी दाखवली त्यांना मी कमी लेखत नाही. ‘द लेजंड ऑफ कोरा’चा शेवट १९ डिसेंबर २०१४ रोजी आला. कोरा आणि असामी हातात हात घालून प्रकाशाच्या दारात शिरतात, एकमेकींकडे वळतात, दोन्ही हात धरतात, आणि मालिका संपते. प्रेक्षकांत लगेच वाद सुरू झाला, की या मैत्रिणी की प्रेमिका? तीनच दिवसांनी ब्रायन कोनिएट्झको आणि मायकल दान्ते दिमार्तिनो या निर्मात्यांना स्वतः लिहून सांगावं लागलं, की हो, दोघी प्रेमात आहेत. चॅनलनं पाठिंबा दिला होता, पण किती पुढे जायचं याला मर्यादा होती, हेही त्यातून कळलं. त्या काळात ते धाडसच होतं, आणि पुढच्यांना त्यानं वाट करून दिली. पण पडद्यावर जे आहे ते समजावून सांगायला पडद्याबाहेर लिहावं लागलं, हे विसरू नका. दहा वर्षांची मुलं निर्मात्यांचं निवेदन वाचत नाहीत. आणि २०१४ मधली मर्यादा आज जशीच्या तशी तुमच्यावर लादून घेण्याचं काही कारण नाही.

तुमच्याच खुर्चीवर बसलेल्या एका बाईची गोष्ट सांगते. ‘ॲडव्हेंचर टाइम’मध्ये मार्सलीन आणि प्रिन्सेस बबलगम यांच्यात काहीतरी होतं, हे २०११ पासून सुचवलं जात होतं. २०१८ मध्ये शेवटचा एपिसोड आला आणि त्यात दोघी एकमेकींचं चुंबन घेतात. ते चुंबन आउटलाइनमध्ये नव्हतं. हॅना नायस्ट्रम या स्टोरीबोर्ड आर्टिस्टनं ते बोर्डवर काढलं, आणि समासात, आता तरी होऊ द्या, अशा अर्थाची छोटीशी नोंद केली. मालिकेची सूत्रं सांभाळणारे शोरनर ॲडम म्यूटो यांनीच पुढे हे सांगितलं. सात वर्षं जे सूचक होतं ते एका बोर्डमुळे स्पष्ट झालं. बोर्ड आर्टिस्ट फक्त सांगितलेलं काढतो, असं तुम्हाला कुणी म्हणालं तर हे आठवा.

आता अजेंड्याची भीती. ही भीती मी हलकी करणार नाही, ती खरी आहे, आणि ऑफिसात स्वतःबद्दल सांगायचं की नाही हा निर्णय फक्त तुमचा आहे. या सीनसाठी तो घ्यायची गरज नाही. तुमच्याच पत्रात लिहिलंय, की प्रेमाची ही गोष्ट लेखकांच्या टीमनं ठरवली होती. म्हणजे तुम्ही नवीन काही मागत नाही, ठरलेलं सांभाळताय. त्या बैठकीची टिपणं, मालिकेच्या बायबलमधला, म्हणजे पात्रं आणि कथा ठरवून ठेवलेल्या दस्तऐवजातला, तो परिच्छेद, जे असेल ते शोधून ठेवा. बोलताना कथेचं बोला, दहाव्या एपिसोडचं बोला. कुणी खोदून विचारलंच, की तुला एवढं का पडलंय, तर ‘मी हा एपिसोड बोर्ड करते आहे, म्हणून’ हे पूर्ण उत्तर आहे. मुलगा-मुलगीच्या प्रेमाचे सीन लिहिणाऱ्याला त्याच्या लग्नाबद्दल कुणी विचारत नाही. शुगर यांनी आपण बायसेक्शुअल असल्याचं जाहीरपणे सांगितलं ते २०१६ मध्ये. गार्नेटची कथा त्याआधीच उलगडली होती. पात्रांनी उजेडात यावं म्हणून तुम्ही त्याच दिवशी उजेडात यायला हवं, असा हिशेब नाही.

पण हे एकटीनं करू नका. टीममधली एक तरी व्यक्ती, बहुधा ही गोष्ट मुळात ज्यानं सुचवली तो लेखक, तुमच्या बाजूनं बोलायला हवी. ‘द आउल हाउस’च्या डेना टेरेस यांनी सांगितलंय, की सुरुवातीला वरच्या काही लोकांनी त्यांना असं नातं दाखवता येणार नाही म्हणून बजावलं होतं. त्या हट्टाला पेटल्या आणि पुढे त्यांना पाठिंबा मिळाला. २०२० मध्ये त्या मालिकेत दोन मुली एकत्र नाचताना दिसल्या. पण टेरेस मालिकेच्या निर्मात्या होत्या. तुमच्या हातात तेवढी सत्ता नाही, म्हणून सोबत हवी.

मुलांसाठी हे लवकर आहे का, यावर फार वेळ घालवायची मला गरज वाटत नाही. राजपुत्राच्या चुंबनानं जागी होणारी राजकन्या मुलं तीनचार वर्षांची असल्यापासून बघतात आणि ते कुणालाही लवकर वाटत नाही. तुमच्या दोन मुली एकमेकींना ‘आवडतेस’ म्हणतात, एवढंच. ‘आर्थर’ या मालिकेत २०१९ मध्ये मुलांच्या आवडत्या शिक्षकाचं, मिस्टर रॅटबर्नचं, लग्न एका पुरुषाशी होतं. मुलांना आधी वाटत असतं की ते एका खडूस बाईशी लग्न करताहेत. ती त्यांची बहीण निघते, आणि नवरदेवाचा जोडीदार पाहून मुलांचा जीव भांड्यात पडतो. त्यांना एकच गोष्ट भयंकर वाटते, ती म्हणजे शिक्षकांचा नाच. लिहिणाऱ्यांनी मुलं नेमकी ओळखली होती. एका अमेरिकन राज्याच्या सार्वजनिक वाहिनीनं तो एपिसोड दाखवायला नकार दिला, पण तो नकार मोठ्यांचा होता.

बैठकीत जाताना काही गोष्टी लक्षात ठेवा. ‘नको’ कुणाचं आहे ते विचारा. चॅनलचं, जाहिरातदाराचं, एखाद्या विशिष्ट देशातल्या वितरकाचं, की आपल्याच ऑफिसातल्या कुणाच्या अंदाजाचं? पुष्कळदा शेवटचंच असतं. नक्की कशाला हरकत आहे ते विचारा, संवादाला, चुंबनाला, की नात्यालाच, आणि उत्तर लेखी मागा. एखाद्या देशात अडचण असेल, तर तिथे तो एपिसोड दाखवला नाही तरी चालेल, पण संवाद बदलून दोघींना बहिणी करू नका, अशी मागणी ठेवा. हे टोकाचं वाटेल, पण मला न दाखवलेला एपिसोड खोट्या एपिसोडपेक्षा बरा वाटतो. न दाखवलेला पुढे कधीतरी मुलांच्या हाती लागतो. आणि हे सगळं आउटलाइनच्या पायरीवर करा. ॲनिमॅटिक, म्हणजे बोर्डची चित्रं आवाजासह जोडलेला कच्चा व्हिडिओ, झाल्यावर प्रत्येक बदल पैशांचा प्रश्न होतो, मग तुमचं कुणी ऐकणार नाही.

एवढं करूनही नाहीच म्हणाले, तर? मग सूचक दृश्य घ्या, पण त्याला राखण लावा. ‘तू माझी सख्खी बहीणच’ अशा धाटणीचं एकही वाक्य कुणी घालणार नाही, हे बघा. शेवटाकडे दोघींपैकी एकीसाठी अचानक मुलगा उगवणार नाही, कुणी मरणार नाही, आणि सातव्या एपिसोडमध्ये हात नव्हे तर चेहरे दिसतील, एवढं मिळवा. तिसऱ्या सीझनला दार उघडं राहील.

नोकरी सोडू नका. तुम्ही गेलात तर ते बोर्ड दुसरं कुणीतरी काढेल, आणि त्याला हा प्रश्न पडेलच याची खात्री नाही. मात्र रात्री कामानंतरचा वेळ स्वतःसाठी ठेवा. २०१७ मध्ये एस्तेबान ब्राव्हो आणि बेथ डेव्हिड या दोघा विद्यार्थ्यांनी ‘इन अ हार्टबीट’ नावाची चार मिनिटांची फिल्म केली. एका शाळकरी मुलाचं हृदय छातीतून उडी मारून त्याला आवडणाऱ्या मुलाच्या मागे धावतं. संवाद एकही नाही, त्यामुळे डबिंगला बदलायला काही उरत नाही, आणि धावणारं हृदय काढलं तर फिल्मच राहत नाही. ती त्यांनी इंटरनेटवर टाकली आणि जगभर पाहिली गेली. तुमच्याकडे पाऊस काढायची जी हातोटी आहे ती बघता, अशी चार मिनिटं तुम्हाला जमतील. सातव्या एपिसोडचा नवा बोर्ड झाला की मला पाठवा, बैठकीआधी मी तो नक्की बघेन.